सात दारांचे खिळे

सातवा खिळा नीतूच्या घरी सापडला. दाराच्या चौकटीत, खाली उंबऱ्याजवळ, वीतभर उंचीवर.

"हात नको लावू," समीक्षा म्हणाली. "ठसे असतात."

"कोणाचे? मुंग्यांचे?" प्रफुल म्हणाला. पण हात त्यानंही मागे घेतला.

नवदीप विहार म्हणजे जामुल रस्त्याला लागून नव्यानं झालेली बारा घरांची एक लाइन. कोणी पोलाद प्लांटचं क्वार्टर सोडून आलेलं, कोणी कैंप-1 वस्तीमधलं जुनं घर विकून. नवीकोरी घरं, पॉलिश केलेली दारं, गेटवर शामसुंदर नावाचा गार्ड आणि खांबावर एक कॅमेरा. काल हरेलीची, म्हणजे आषाढ अमावास्येच्या सणाची, सुट्टी म्हणून सगळी लाइन मैत्रीबागेत वाघ पाहायला गेली होती. शामसुंदर जेवायला म्हणून गेला तो थेट संध्याकाळी उगवला. सगळे घरी परतले तेव्हा समीक्षाच्या धाकट्या भावाची, मोहितची, चड्डी उंबऱ्यावर बसून बूट काढताना कशाला तरी अडकून टर्रकन फाटली. तो पहिला खिळा.

आज शुक्रवार. शाळेच्या पटांगणात पाणी साचल्यामुळे आणखी एक सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. एवढ्या दिवसांत चोर पकडायचाच, हे समीक्षानं सकाळी दात घासतानाच ठरवून टाकलं होतं. आठवीतली मुलगी, हाती वही-पेन, मदतीला वर्गातला प्रफुल आणि सातवीतली नीतू. चोराचं काही खरं नव्हतं.

"दोन, तीन, पाच, सात, आठ, दहा, अकरा," तिनं वहीतले घरांचे नंबर वाचले. "एक नंबरले नाही. चारले नाही. भय्याजी काकांच्या बारालेही नाही. कावून?"

"भय्याजी काका के घर में चोर को मिलेगा क्या? पुराने पेपर?" नीतू म्हणाली. तिचं मराठी घरातल्या घरात, बाहेर पाय टाकला की हिंदी.

समीक्षानं पेनचं टोक वहीतल्या एकेका नंबरवर टेकवलं. दोन नंबरला जुळी. तीनला प्रफुल. पाचला रांगणारं बाळ. सातला ती आणि मोहित.

"ज्या घरात पोरं हायेत," ती हळूच म्हणाली, "त्याच घरी खिळा हाय."

प्रफुल म्हणाला, "थांब जरा. आधी बाबाले विचारू." पण समीक्षा तोवर बारा नंबरच्या व्हरांड्यात पोचली होती. आयुष्यात इतकी हुशारीची गोष्ट तिनं पहिल्यांदाच शोधून काढली होती, ती काय कोणाला विचारत बसण्यासाठी?

भय्याजी म्हणजे कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. नोकरीतून रिटायर झाले होते, पण ऑफिस काही त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. त्यांनी वही पाहिली, चश्मा काढला, पुन्हा लावला.

"शाबास पोरी! याले म्हणतात डोकं," ते म्हणाले आणि मोबाइल तोंडाजवळ धरून कॉलनीच्या ग्रुपवर बोलू लागले. "सबको सूचित किया जाता है कि बच्चा चोर गँग ने हमारे घरों पर निशान लगाए हैं."

दहा मिनिटांत सगळी दारं बंद झाली. आयांनी पोरांना बखोटीला धरून आत ओढलं. पाच नंबरचं रांगणारं बाळ तर पलंगावर नेऊन ठेवलं, जणू चोर उंबऱ्याखालून हात घालणार होता. समीक्षाला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा छाती जास्त फुगली होती.

अकराच्या सुमाराला ती गच्चीवर उभी होती. हातात आईचा मोबाइल. गेटमधून एक म्हातारा सायकल ढकलत आत आला. हँडलला कापडी पिशवी, मागे कॅरियरला गोणपाटाची रिकामी बोरी. दोन नंबरपुढे थांबला, वाकून चौकट पाहिली. तीनपुढे थांबला, वाकला. बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुढे निघाला.

समीक्षानं फोटो काढला. फोटो साफ आला. तिनं तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हाच तो. मुलांच्या घरांना खुणा करणारा."

मग जे झालं ते तिनं गच्चीवरूनच पाहिलं. शामसुंदरनं म्हाताऱ्याची कॉलर धरली. चार घरांतून पाच काका धावले. म्हातारा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "चाउर लेय बर आय हँव. मोला बलाय रिहिस." तांदूळ न्यायला आलोय, मला बोलावलं होतं.

"कोणी बोलावलं? नाव सांग," भय्याजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, सात नंबरच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

"बघा, नाव नाही याच्याकडे. कालही हा कॅमेऱ्यात दिसला मले. घरं पाहून राहिला होता," भय्याजींनी जाहीर केलं. कोणीतरी म्हाताऱ्याला एक थप्पड मारली. कोणी, ते गर्दीत दिसलं नाही, आणि नंतर कोणी सांगितलंही नाही. मग त्याला ठाण्यात नेलं. सायकल आणि पिशवी 'पुरावा' म्हणून शामसुंदरच्या खोलीत ठेवली. सगळ्या दारांचे खिळे पकडीनं उपटून काढले.

समीक्षा खाली उतरली तेव्हा रस्त्यावर शर्टाचं एक पांढरं बटण पडलं होतं. तिनं ते उचलून वहीत चिकटवलं आणि बाजूला लिहिलं, 'सुराग नं. 8'.

तिचे बाबा हेमराज पहिल्या पाळीवरून अडीचला आले. आईनं, म्हणजे सुनितानं, सगळं सांगितलं. पोरीचं कौतुकही सांगितलं. बाबांनी मोबाइलवर फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला.

"जेवता न?" आईनं विचारलं.

"भूक नाही," ते म्हणाले. घामेजलेला प्लांटचा शर्ट न बदलताच पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

संध्याकाळी दुर्गच्या मोहन नगरमधून गीतांजली मावशीचा फोन आला. "सुनिता, तुमच्या तिकडून तीन पोरं पळवली म्हणते? फोटो आला हाय त्या माणसाचा. लोक लिहून राहिले, दिसला की सोडू नका."

समीक्षानं मावशीनं पाठवलेला फोटो पाहिला. तिचाच फोटो. गच्चीचा तोच कठडा, खाली तोच सायकलवाला. फक्त तिच्या दोन ओळींच्या आता अकरा ओळी झाल्या होत्या आणि त्यात तीन मुलं पळवली गेली होती.

"आई, पण कोणीच नाही पळवलं."

"माहीत हाय मले," आई म्हणाली. तरी तिनं मोहितला जवळ ओढलं.

शनिवारी सकाळी प्रफुल आला. त्याचे बाबा रेल्वेत, आणि रेल्वेवाल्यांना सगळ्या ठाण्यांच्या बातम्या असतात असं तो नेहमी सांगायचा. या खेपेला बातमी खरी होती. "सोडून देलं त्याले कालच. बळीराम नाव हाय. कैंप-1 मध्ये राहते, लोहार हाय. रविवारच्या बाजारात कुऱ्हाडी-विळ्यांना धार लावते. उद्या बाजार हाय, समीक्षा."

"मग?"

"मग काय? फोटो सगळ्यांकडे हाय. उद्या बसला तर मारतीन त्याले."

समीक्षानं वही मिटली. प्रफुल पुढे म्हणाला, "आणि एक सांग. बाहेरच्या माणसाले कसं समजलं कोणत्या घरी पोरं हायेत? कोणीतरी आतल्यानं सांगितलं असन. तो कोण हाय, ते पाहायचं हाय आपल्याले."

"कैमरा में देख लेते हैं," नीतू म्हणाली. "काका ने देखा है ना."

पण भय्याजी कॅमेरा दाखवेनात. "पोरांचं काम नाही ते," म्हणाले. तेव्हा नीतूनं एक छोटीशी चोरी केली. कॅमेऱ्याच्या अगदी समोर, भय्याजींच्या व्हरांड्यात त्यांची लाडकी काळी छत्री टांगलेली असे. ती नीतूनं दिवसाढवळ्या उचलली, कॅमेऱ्याला हात हलवून दाखवला आणि छत्री प्रफुलच्या घरामागे ठेवून आली.

पाऊण तासात भय्याजी लाइनभर ओरडत होते. तिघं अगदी साळसूदपणे समोर आली.

"काका, कॅमेऱ्यात पाहा न," प्रफुल म्हणाला. "व्हरांडा तर समोरच दिसते."

भय्याजी खांबाकडे पाहायला लागले. मग पायाकडे. मग म्हणाले, "वायर घुशीनं खाल्ली."

"कधी?"

"दिवाळीत."

आता श्रावण लागत होता. तिघांनी मनातल्या मनात महिने मोजले.

"पण काल तुमी म्हटलं, तो कॅमेऱ्यात दिसला," समीक्षा म्हणाली.

"दिसला असता. वायर असती तर दिसलाच असता." भय्याजींचा आवाज एकदम लहान झाला होता. "कोणाले सांगू नका पोरं हो. लोक माझ्या भरवशावर झोपतात."

"नाही सांगत," प्रफुल म्हणाला. "पण त्या माणसाची पिशवी पाहू द्या."

छत्री परत आली आणि शामसुंदरच्या खोलीचं दार उघडलं. पिशवीत एक हातोडी, एक सांडशी, फडक्यात बांधलेले खिळे आणि खोबऱ्याचा एक वाळका तुकडा. तळाशी घडी घातलेला कागद. प्लांटच्या कँटीनच्या कुपनाची कोरी बाजू, आणि तिच्यावर घरांचे नंबर लिहिलेले: 2, 3, 5, 7, 8, 10, 11.

साताच्या पोटात एक आडवी रेघ होती.

समीक्षाचे बाबा प्लांटमध्ये मार्किंगचं काम करत. लोखंडाच्या तापल्या लाद्यांवर नंबर टाकायचे. उष्ण हवेत एक आणि सात सारखे दिसतात म्हणून ते साताला मध्ये रेघ मारत. ही सवय घरीही सुटत नसे. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, तिच्या पुस्तकांच्या कव्हरांवर, सगळीकडे त्यांच्या साताला पोटात रेघ.

"काय हाय त्यात?" प्रफुलनं विचारलं.

"काही नाही. कचरा हाय," समीक्षा म्हणाली आणि कागद मुठीत घेतला. आठवीत येईपर्यंत प्रफुलशी ती कधीच खोटं बोलली नव्हती. त्यानं तिच्या मुठीकडे पाहिलं, पण म्हणाला काही नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

अडीच वाजता बाबा आले तेव्हा ती गेटवरच उभी होती. तिनं कागद पुढे केला.

बाबांनी स्कूटर बंद केली. हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"मोहित दवाखान्यात होता न मागच्या महिन्यात," ते म्हणाले. "डेंगू. प्लेटलेट खाली चालले होते. तवा मले एकच आठवत होतं. कैंपातल्या आमच्या घरी दर हरेलीले बळीराम काका यायचे, चौकटीत खिळा ठोकायचे. घरातल्या लेकरायले काही होऊ नये म्हणून. बदल्यात आई त्यायले वाटीभर तांदूळ द्यायची. गावाकडे आजोबाच्या इथंही जिवतीले लोहार येते, तसंच. तुझ्या आईले सांगितलं असतं तर हसली असती. म्हणून चूपचाप जाऊन बोलावलं. म्हटलं, आपलंच कावून, लाइनीतल्या सगळ्याच लेकरांचं करा, तांदूळ मी देतो."

"ते राखायसाठी होते खिळे?"

"हो."

"मग काल बोलले कावून नाही तुमी?"

बाबा गेटच्या कडीशी खेळत राहिले. "सगळे शिकलेले लोक हायेत इथं. मी उठून म्हणू, खिळा मी ठोकवला? अन् फोटो तू टाकला होता. म्हटलं, मी खरं बोललो तर पोरगी खोटी पडते."

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज आला तो वेगळाच. "माझ्या नावावर नका टाकू, बाबा. मी खोटी पडली तर पडली. तो माणूस उद्या बाजारात बसणार हाय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेरा वर्षांत बाबांची मान आपल्यापुढे खाली गेलेली तिनं कधी पाहिली नव्हती. तिला ते मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी सहाला कॉलनीच्या बागेत समितीची बैठक होती. विषय, गेट उंच करण्याचा. जाण्याआधी समीक्षानं प्रफुलला कागद दाखवला. "मी खोटं बोलली होती तुले."

"माहीत हाय," प्रफुल म्हणाला. "तुझ्या बाबाचा सात मी पण ओळखतो. माझ्या पुस्तकांवर त्यायनंच नंबर टाकले हायेत."

बैठकीत भय्याजी गेटची उंची सांगत असतानाच हेमराज उभे राहिले. "बळीरामले मी बोलावलं होतं," ते म्हणाले, आणि मग थांबत, अडखळत सगळं सांगितलं.

मग नीतूची आई, शीलाकाकू, पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मले काल सकाळीच आठवलं होतं. आमच्याही जुन्या घरी असायचा खिळा."

"मग सांगायचं न, बाई," कोणीतरी म्हणालं.

"कशी सांगू? तुमी सगळे गँग, गँग करून राहिले होते. त्यात मी एकटी म्हणू, खिळा चांगला असते म्हणून? अन् मनात आलं, खरंच गँग असली तर?"

मग दोन नंबरचे काका हळूच म्हणाले की त्यांनाही थोडं थोडं आठवत होतं. पाचवाले म्हणाले, आमची म्हातारी म्हणत होती, आम्हीच तिला गप्प बसवलं. आणखी दोन घरांनी माना हलवल्या. बारापैकी पाच घरांना माहीत होतं. पाचही घरं कड्या लावून आत बसली होती.

"भय्याजी," हेमराजनं विचारलं, "कॅमेऱ्यात तो काय करताना दिसला होता?"

भय्याजींनी मुलांकडे पाहिलं. तिघंही शब्द दिल्याप्रमाणे आभाळाकडे बघत होती. नीतूनं तर ढग मोजायला घेतले. भय्याजींनी चश्मा काढला. "काही नाही दिसला. कॅमेरा बंद हाय, दिवाळीपासून," ते म्हणाले, आणि मग घाईघाईनं आवाज चढवला, "पण एक सांगतो. हे सगळं शोधून काढलं कोणी? या पोरांनी. आपल्या समीक्षानं. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. शुक्रवारी याच तोंडून 'शाबास' ऐकताना समीक्षाची छाती फुगली होती. आज तिला बागेतल्या घसरगुंडीखाली जाऊन बसावंसं वाटत होतं. तिनं तिथेच आईच्या मोबाइलवर लिहिलं, 'फोटो मी काढला होता. माझी चूक झाली. बळीराम काका लोहार आहेत, चोर नाहीत.' कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, मावशीला पाठवलं. मावशीनं कळवलं, जुना फोटो तिच्याकडे सहा ग्रुपांतून आला होता. नवा निरोप तिनं सहाही ग्रुपांत टाकला. एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाकी कोणी पुढे ढकललाच नाही.

रविवारी सकाळी ते कैंप-1 च्या बाजारात गेले. हेमराज बळीरामची सायकल चालवत, त्यांच्या स्कूटरवर सुनिता, मागे समीक्षा, आणि प्रफुल-नीतू आपापल्या सायकलींवर. बळीरामच्या सायकलमागच्या बोरीत सात घरांचे तांदूळ. भय्याजींच्या घरी पोरं नव्हती, खिळाही नव्हता, तरी त्यांनी आठवी वाटी दिली. पण स्वतः आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

बळीरामची जागा रिकामी होती. शेजारी भाजी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "आज नहीं बैठा. फोटू घूम रही है ना उसकी."

घर दोन गल्ल्या मागे होतं. म्हाताऱ्यानं दार अर्धंच उघडलं. हेमराजला पाहून मग पूर्ण उघडलं.

"काका," हेमराज म्हणाले, आणि सायकलच्या हँडलची पिशवी काढून पुढे केली. मग म्हणाले, "तुमी माझं नाव कावून नाही घेतलं? ठाण्यातही नाही?"

बळीरामनं पिशवी घेतली, हातोडी बाहेर काढून अंगठ्यानं पुसली. "तोला उहें रहना हे, बेटा," तो म्हणाला. तुला तिथंच राहायचंय.

हेमराज उंबऱ्यावर बसले आणि तोंड दोन्ही हातांत धरलं. सुनितानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ती हसली नाही.

समीक्षा पुढे झाली. तिनं वही उघडली, 'सुराग नं. 8' वरची चिकटपट्टी सोडवली आणि पांढरं बटण म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं.

"फोटो मी काढला होता," ती म्हणाली.

"दिखा."

तिनं मोबाइल दाखवला. बळीरामनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "अच्छा आय हे," तो म्हणाला. चांगला आलाय. समीक्षानं त्याला माफीचा निरोपही वाचून दाखवला. त्याला राग आला होता की नाही हे समीक्षाला कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "मेसेज में का होही, नोनी? बाजार के मनखे मन पढ़थें का?" निरोपानं काय होणार, पोरी? बाजारातली माणसं वाचतात का?

समीक्षानं थोडा विचार केला. "मग मी सांगते," ती म्हणाली. "तोंडानं."

आणि ते निघाले. बळीराम सायकल ढकलत मधोमध, त्याच्या एका बाजूला हेमराज, दुसऱ्या बाजूला सुनिता, मागे प्रफुल आणि नीतू, पुढे समीक्षा. पहिल्या दुकानापुढे, चहावाल्याकडे, ती थांबली. चहावाला म्हाताऱ्याकडे संशयानं पाहत होता. गाळणं हातात तसंच थांबलं होतं.

"इनका फोटो मैंने डाला था," ती म्हणाली. "झूठ था. कोई बच्चा चोरी नहीं हुआ. ये लोहार हैं."

"तूने डाला?" चहावाल्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इतनी सी लड़की?"

"हां. मैंने."

दुसरं दुकान, तिसरं. भांडीवाला हसला. एका बाईनं ऐकून घेतलं आणि तरी आपल्या पोराला मागे ओढलं. समीक्षानं तिला दुसऱ्यांदा सांगितलं. सातव्या दुकानापर्यंत तिचे कान तापून लाल झाले होते, आणि अजून अर्धा बाजार बाकी होता.

शेवटी ते भाजीवालीपाशी परत आले. तिनं सगळं ऐकलं, हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि समीक्षाच्या गालावरून ओला हात फिरवला. "कितनी अच्छी बच्ची है," ती म्हणाली. "कौन मानता है आजकल अपनी गलती."

समीक्षानं खाली पाहिलं.

बळीरामनं रिकाम्या जागेवर पोतं अंथरलं, त्यावर हातोडी ठेवली, सांडशी ठेवली. खिळ्यांचं फडकं सोडून त्यातले सात वेगळे काढले आणि हेमराजच्या हातात दिले. मग समीक्षाला म्हणाला, "कल मोर जामुल के बाजार हे, नोनी. उहाँ घलो फोटू गे हे." उद्या जामुलचा बाजार आहे. तिथंही गेलाय फोटो.

"उद्या शाळा हाय," समीक्षा म्हणाली. "पाच वाजता सुटते. थांबाल?"

म्हाताऱ्यानं बटण शर्टाच्या खिशात टाकलं आणि मान हलवली. थांबतो.